खिळे जुळवणारे अण्णा: सांगलीतल्या एका छोट्या छापखान्याच्या मालकाची आठवण

माहेर_गावभाग

माझे वडील गेल्या महिन्यात वयाच्या 86व्या वर्षी वारले. सगळा गावभाग त्यांना अण्णा म्हणत असे. सांगलीत एका बोळाच्या तोंडाशी त्यांचा छोटा छापखाना होता. स्थानिक वर्तमानपत्रात निधनाची चार ओळींची बातमी आली आणि तीत ‘कष्टाळू, कुटुंबवत्सल आणि मनमिळाऊ’ अशी तीन विशेषणे होती. पहिली दोन खरी आहेत. तिसरे मात्र अण्णांना ओळखणाऱ्या कोणालाच पटणार नाही, कारण प्रूफ न वाचताच त्यावर सही ठोकणाऱ्या गिऱ्हाइकाला ते ज्या शब्दांत फटकारत, ते शब्द मनमिळाऊ माणसाच्या तोंडी शोभणारे नव्हते. इथे सांगलीचे बरेच सदस्य आहेत, त्यांतल्या काहींच्या घरच्या पत्रिका आमच्याकडेच छापल्या गेल्या असतील, म्हणून हा धागा काढते आहे.

अण्णा तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून सातवी झाल्यावर सांगलीला आले आणि एका छापखान्यात पोऱ्या म्हणून लागले. छापून झालेल्या मजकुराचे खिळे, म्हणजे शिशात ओतलेली एकेक अक्षरे, सुटे करून, ते रॉकेलने पुसून, प्रत्येक खिळा केसमधल्या, म्हणजे खणांच्या पेटीतल्या, ज्याच्या त्याच्या घरात परत टाकणे हे त्यांचे पहिले काम. मराठीच्या केसमध्ये नुसती मूळाक्षरे नसतात. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, रफार असे शेकडो खिळे वेगवेगळ्या घरांत असतात आणि त्या घरांवर कुठेही नाव लिहिलेले नसते. हाताला घर पाठ होईपर्यंत जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा, होता येत नाही. ते पाठ व्हायला त्यांना काही वर्षे लागली, आणि पुढे डोळे मिटूनही त्यांचा हात ‘ळ’च्या घरावर अचूक पडत असे.

स्वतःचा छापखाना त्यांनी साठच्या दशकात काढला. पायाने चालवायचे एक जुने ट्रेडल यंत्र हळदीच्या एका अडत्याकडे पडून होते. त्याच्या भावाच्या बंद पडलेल्या छापखान्यातले होते ते. अण्णांकडे रोख रक्कम नव्हती. तेव्हा अर्धी किंमत हप्त्याने द्यायची आणि उरलेली अर्धी त्या अडत दुकानाच्या पट्ट्या, पावती पुस्तके आणि हुंडेकरी चिठ्ठ्या फुकट छापून फेडायची, असा तोंडी करार झाला. पहिली काही वर्षे आमच्या छापखान्यातून सर्वांत जास्त काय बाहेर पडले असेल तर हळदीच्या हिशेबपट्ट्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचा एक पैसाही घरात आला नाही.

आता जे सांगते आहे, ते त्या बातमीत येणे शक्य नव्हते, पण त्याशिवाय अण्णांची आठवण खोटी ठरेल. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सांगलीतही धक्का जोराचा होता. आमच्या घराच्या एका भिंतीला तडा गेला, माणसे मात्र सुखरूप राहिली. छापखान्याचे कुलूप उघडले तेव्हा स्टँडवरच्या तिरक्या केस जमिनीवर उपड्या पडलेल्या होत्या आणि बारा पॉइंट, सोळा पॉइंट, चोवीस पॉइंट अशा लहानमोठ्या मापांचे सगळे खिळे एकमेकांत मिसळून खोलीभर पसरले होते. दोन्ही जुळारी ते पाहून म्हणाले की हे शिसे वितळवायला द्या आणि नवे खिळे घ्या. नवे घेण्याइतके पैसे नव्हते.

माझी आई तोपर्यंत छापखान्यात दुपारचा डबा पोहोचवण्यापुरतीच जात असे. त्या दिवसापासून ती जमिनीवर पोती अंथरून खिळे निवडायला बसली. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते आणि त्याच्या अंगाला एक खाच असते; ती खाच अंगठ्याला लागली की खिळा सुलटा धरला आहे हे कळते. अण्णांनी तिला एवढेच शिकवले. बाकी ती तांदूळ निवडावेत तशी खिळे निवडत गेली: आधी उंचीने, मग अक्षराने, मग ‘ध’ आणि ‘घ’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातला फरक नखाने चाचपून. संक्रांत उलटून गेली तरी ते काम चालूच होते. ते संपले तेव्हा छापखान्याला तिसरा जुळारी मिळालेला होता, आणि त्याला पगार द्यावा लागत नव्हता.

म्हणून अण्णांना कुटुंबवत्सल म्हणताना मला जरा अडखळायला होते. त्यांचे आमच्यावर अपार प्रेम होते याबद्दल मला शंका नाही. पण कुटुंब आणि छापखाना या त्यांच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्याच. शाळेतून आल्यावर मी आणि माझा भाऊ पावती पुस्तकांवर नंबर मारत असू. हातात धरायचे ते नंबरिंग यंत्र दाबले की आकडा आपोआप पुढे सरकतो. दोनदा दाबले गेले की एक पावती वाया, आणि वाया गेलेली पावती अण्णांना दाखवावीच लागे, कारण गिऱ्हाइकाच्या हिशेबात एक नंबर कमी पडला तर त्याला वर्षअखेरीस उत्तर द्यावे लागेल, असे ते म्हणत. बाहेर मुले खेळत असायची. मला त्याचा राग यायचा, आणि आज तो गेला आहे असेही मी म्हणणार नाही.

शाळांच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षांच्या प्रश्नपत्रिका हे आणखी एक काम. त्या आल्या की अण्णा जुळाऱ्यांना लवकर घरी पाठवत, दार लावून घेत, मजकूर स्वतः जुळवत, स्वतः छापत आणि खराब झालेले कागद व प्रुफे बंबात घालून त्याच रात्री खिळे सोडवून टाकत. मी ज्या वर्षी आठवीत गेले, त्या वर्षी त्यांनी आमच्या शाळेचे काम नाकारले. मुख्याध्यापक घरी आले, म्हणाले, “अण्णा, तुमच्यावर आमचा विश्वास आहे.” अण्णांनी उत्तर दिले, “माझ्यावर असेल, पण माझ्या मुलीला चांगले मार्क पडले तर वर्गातल्या मुली तिला काय म्हणतील?” मी शाळा सोडेपर्यंत ते काम दुसऱ्या छापखान्याकडे गेले, आणि ते वर्षातले मोठे काम होते. मला मार्क काही फार चांगले पडले नाहीत, हा भाग वेगळा.

तुमच्याकडे त्यांच्या काही आठवणी असतील तर जरूर लिहा. फक्त गोडच लिहिल्या पाहिजेत असे नाही.

गावभागकर

ताई, बातमी वाचली होती, पण ते हेच अण्णा हे आत्ता कळले. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका त्यांनीच छापली. निमंत्रकांच्या नावांवरून आमच्या दोन काकांमध्ये वाद होता. अण्णांनी वडिलांना बाजूला घेऊन विचारले, “वयाने मोठे कोण?” आणि त्या क्रमाने नावे जुळवून टाकली. धाकटे काका दुसऱ्या दिवशी तणतणत आले, तेव्हा अण्णांनी खिळ्यांचा बांधलेला फर्मा त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितले की यातली एक ओळ जरी हलवायची तर सगळा फर्मा पुन्हा बांधावा लागेल, त्याचे वेगळे पैसे पडतील. काका गप्प बसले. फर्मा सोडायला खरे तर किती वेळ लागतो हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते.

नाटकांची हँडबिले हेही त्यांचे आवडते काम असावे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये याच गावात ‘सीता स्वयंवर’ केले, त्यामुळे सांगलीत प्रत्येक गल्लीला आपण नाट्यपंढरीचे मानकरी आहोत असे वाटते. हौशी मंडळे तालमीत पैसे संपवून मग हँडबिले छापायला येत. 5 नोव्हेंबरच्या, म्हणजे मराठी रंगभूमी दिनाच्या, सुमारास अण्णांच्या दुकानात उधारीवर आलेली मंडळी बाकावर बसलेली असायची. आमच्या मंडळाचीही उधारी होती, आणि ती पूर्ण फिटली असे मला आठवत नाही.

पायका_बारा

मी सांगलीचा नाही. पुण्यात छपाईच्या धंद्यात उभे आयुष्य काढले, म्हणून या धाग्यावर थांबलो.

भूकंपानंतर केस निवडून काढणे ही काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. धंद्यात एखादी गॅली, म्हणजे जुळवलेला मजकूर ठेवायचे तबक, हातातून निसटून मजकूर सांडला तरी जुळाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येत असे; तिथे सगळ्या केस सांडल्या होत्या. पुन्हा वेगवेगळ्या ओतशाळांतून आलेले खिळे एकाच पॉइंटाचे असले तरी उंचीत केसभर फरक असतो, आणि तो छपाईत लगेच दिसतो: एक अक्षर ठळक उमटते, शेजारचे फिके. तुमच्या मातोश्रींनी उंचीने निवडायला सुरुवात केली असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून त्यांना धंद्याची दृष्टी होती असे मी म्हणेन. पुष्कळ जुळारी आधी अक्षरे वेगळी करतात आणि मग फसतात.

आणखी एक गोष्ट सांगतो. लहान छापखान्याकडे खिळ्यांचा साठा बेताचा असे. वैशाखात लग्नसराई आली की ‘चि.’, ‘सौ.’ आणि ‘श्री’ यांचा तुटवडा पडायचा, कारण एक पत्रिका छापून सुटल्याखेरीज दुसरीला खिळे मिळत नसत. अशा वेळी शेजारच्या छापखान्यातून मूठभर ‘सौ.’ उसने आणण्याचा रिवाज होता, आणि ज्याच्याशी धंद्यात स्पर्धा त्याच्याकडूनच आणायचे असल्यामुळे भांडण फार ताणता येत नसे. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी हेसुद्धा लहानपणी मुंबईच्या मिशन छापखान्यात खिळे घासायच्या कामावर लागले होते आणि 1869 मध्ये त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. त्यांचे चरित्र लिहिले गेले. तालुक्या-जिल्ह्याच्या गावांत त्याच वाटेने आलेली जी माणसे हिशेबपट्ट्या छापत राहिली, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून तुमचा लेख महत्त्वाचा वाटतो.

शिशाची_धूळ

लिहू की नको असा विचार दोन दिवस केला. तुम्ही म्हणालात की गोडच लिहिले पाहिजे असे नाही, म्हणून लिहितो. माझे वडील अण्णांच्या छापखान्यात जुळारी होते, भूकंपाच्या आधीपासून.

पगार वेळेवर होत नसे. दिवाळीचा बोनस मात्र कधी चुकला नाही, हे कबूल करतो. पण जून-जुलैत, म्हणजे नेमकी आमची वह्या-पुस्तके घ्यायच्या वेळी, वडील अर्धा पगार घेऊन घरी येत आणि आई शेजारून उसने आणायला जाई. दिवसभर उभ्याने काम, खिडकीच्या उजेडात बारा पॉइंटाची अक्षरे वेचायची, हाताला कायम शिशाची काळी धूळ. संध्याकाळी गुळाचा खडा मिळायचा, शिसे बाधू नये म्हणून. गुळाने काय होते कोण जाणे. वडिलांची नजर पन्नाशीतच उतरली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॉम्प्युटर आले तेव्हा इतर छापखान्यांनी जुळाऱ्यांना महिन्याभरात घरी बसवले. अण्णांनी वडिलांना काढले नाही. त्यांना बाइंडिंगला बसवले, पगार तोच ठेवला, आणि वडील तिथूनच निवृत्त झाले. पण बाइंडिंगची खळ ढवळताना त्यांना काय वाटत असेल हे मी जवळून पाहिले आहे. जो माणूस संपादकांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत असे, तो पावती पुस्तकांना पुठ्ठे चिकटवत होता. यात अण्णांचा दोष होता असे मी म्हणत नाही. उपकार झाले असेही वडील कधी म्हणाले नाहीत.

माहेर_गावभाग

@शिशाची_धूळ, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. काकांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, मी चांगली ओळखते. ‘उज्ज्वल’मध्ये दोन ज असतात हे मला त्यांनीच शिकवले.

पगाराविषयी तुम्ही म्हणता ते खरे आहे आणि त्याचे कारण मला आता जुन्या वह्या चाळताना दिसते आहे. आमची मोठी गिऱ्हाइके म्हणजे शाळा, सोसायट्या आणि सहकारी संस्था. त्यांची बिले मार्चअखेर मंजूर होत आणि पैसे पावसाळ्यात कधीतरी हातात पडत. कागद मात्र रोखीने घ्यावा लागे. एप्रिल ते जुलै हा काळ दरवर्षी ओढाताणीचाच असायचा, आणि 1972 च्या दुष्काळात तर जत, आटपाडीकडची लग्ने पुढे ढकलली गेल्यामुळे पत्रिकांचे रोखीचे कामही आटले. हे स्पष्टीकरण आहे, समर्थन नाही. तुमच्या आईंना शेजारी जावे लागले, त्याचा भार अण्णांच्या हिशेबात कुठेच लिहिलेला नाही.

पगाराची वही आईच्या अक्षरातली आहे. तीत दोन जुळाऱ्यांची, यंत्र चालवणाऱ्याची आणि पोऱ्याची नावे आहेत. तिचे स्वतःचे नाव नाही. ते कागदावर प्रथम आले ते नव्वदच्या दशकात, ऑफसेट यंत्रासाठी कर्ज काढताना. बँकेने भागीदार किंवा जामीनदार आणा म्हटले, तेव्हा अण्णांनी आईला भागीदार केले. तिला विचारले, “कर्जात भागीदार झालीस, चालेल ना?” ती म्हणाली, “नफ्यात कधी करणार ते आधी सांगा.” पुढे तिने खरोखरच दरवर्षी हिशेब मागायला सुरुवात केली, आणि अण्णा तो द्यायचेही, कुरकुरत का होईना.

नदीपल्याड

माझे मामा राजकारणात होते, त्यामुळे निवडणुकीच्या काळात अण्णांच्या दुकानात माझ्या पुष्कळ खेपा झाल्या. दोन्ही बाजूंची पत्रके तेच छापत. हे पक्षाच्या लोकांना खटकायचे. एकदा मामांनी सहज विचारले की समोरच्यांचे पत्रक काय म्हणते आहे. अण्णांनी शाईचा हात पुसत सांगितले, “तुमचे काय म्हणते हे मी त्यांना सांगितले असते, तर तुम्हाला चालले असते का?” मामा पुढे हा किस्सा स्वतःच रंगवून सांगत.

पत्रकाखाली छापखान्याचे आणि प्रकाशकाचे नाव घातल्याशिवाय ते एक प्रतही बाहेर जाऊ देत नसत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 127अ कलमाप्रमाणे ते बंधनकारकच आहे आणि प्रकाशकाच्या घोषणापत्रासह छापील प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. पण रात्री दहा वाजता बिननावाचे पत्रक घेऊन येणारे आणि दुप्पट पैसे देऊ करणारे लोक त्या काळीही होते. आणीबाणीत असे एक पत्रक घेऊन दोन तरुण आले होते. अण्णांनी ते पूर्ण वाचले आणि म्हणाले की मजकुराला माझी हरकत नाही, खाली नाव टाकून छापतो. नाव टाकायला ती मुले तयार नव्हती, कारण नाव टाकले की रात्रीत पोलीस येणार हे उघड होते. पत्रक छापले गेले नाही. अण्णा भित्रे होते की शहाणे होते यावर मामांच्या ओसरीवर बराच वाद झालेला मला आठवतो. मला स्वतःला वाटते की ते नाव टाकून छापायला तयार होते, हेच त्या वेळी पुष्कळ होते.

बारा_बलुतं

आमचे आजोबा गेले तेव्हा उत्तरकार्याची पत्रे अण्णांनी रात्री जागून छापून दिली. पैसे घेतले नाहीत. मयताच्या पत्रांचे ते कोणाकडूनच घेत नसत. वडील चहाचे पैसे म्हणून काही ठेवू लागले तर म्हणाले, “नातवाच्या लग्नाची पत्रिका इथेच छापा म्हणजे झाले.” छापली. तिचे त्यांनी बाजारभावापेक्षा थोडे जास्तच घेतले, असे वडील आजही हसून सांगतात.

पेजमेकर_ताई

मी त्या छापखान्यातली पहिली डीटीपी ऑपरेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणारी. बारावीनंतर टायपिंगची परीक्षा दिली होती, तेवढ्या जोरावर अण्णांनी मला ठेवून घेतले. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा कीबोर्ड मी त्यांच्याच दुकानात शिकले.

पडद्यावरचा मजकूर त्यांना वाचता येत नसे असे नाही, पण त्यांना तो खरा वाटत नसे. मी प्रिंट काढून दिली की ते कागद उलटा धरून, म्हणजे अक्षरांचे पाय वर करून, ओळ वाचत. स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवायच्या हातातल्या पट्टीत, अक्षरे अशीच पाय वर करून दिसतात, त्यामुळे डोळ्यांना तीच सवय. अशा वाचनात चूक फार लवकर सापडते, कारण शब्द ओळखीचा दिसत नाही आणि प्रत्येक अक्षर बघावेच लागते. ती युक्ती मी उचलली आणि आजही वापरते.

खिळे विकले त्या दिवशी मी दुकानात होते. भंगारवाला पोत्यांनी शिसे नेत होता. मला वाटले अण्णांना वाईट वाटत असेल, म्हणून मी काहीतरी बोलायला गेले. ते काट्याकडे लक्ष ठेवून उभे होते. म्हणाले, “आधी काटा बघ, मग रडू.” एका पोत्यामागे भंगारवाल्याने वजन कमी लावले होते, ते त्यांनी बरोबर पकडले. नंबरिंगचे यंत्र आणि भोके पाडायचे यंत्र मात्र विकले नाही, कारण पावती पुस्तकांना ती लागणारच होती.

रागीट होते, यात शंका नाही. एकदा एका पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली आणि सगळ्या प्रती परत छापाव्या लागल्या. प्रूफवर गिऱ्हाइकाची सही होती, म्हणजे नियमाने नुकसान गिऱ्हाइकाचे. अण्णा त्या गृहस्थांना पंधरा मिनिटे बोलले, इतके की आत बसलेली मी घाबरले. मग कागदाचे तेवढे पैसे घेतले आणि छपाई सोडून दिली. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः मांडली होती. त्यात माझ्या नावापुढे माझे शिक्षण घाला असा आग्रह काकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, धरला होता, अण्णांनी नव्हे.

गावभागकर

2019 च्या पुरात दुकानाचे काय झाले? आमच्याकडे तळमजला पूर्ण गेला होता.

माहेर_गावभाग

@गावभागकर, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या बोळात फक्त दुकानाच्या पाटीचा वरचा भाग दिसत होता. 2005 च्या पुराचा अनुभव होता म्हणून भावाने कॉम्प्युटर आणि कागदाची काही रिमे आदल्या दिवशी माडीवर नेली होती, पण 2005 ला पाणी जिथपर्यंत आले होते त्याच्या हिशेबाने बाकीचा माल फळीवर ठेवला गेला, आणि या वेळी पाणी त्या फळीच्याही वर गेले.

गणपतीला तीन-चार आठवडे राहिले होते. मंडळांची वर्गणीची पावती पुस्तके छापून तयार होती, ती सगळी चिखलात गेली. काही मंडळांनी कागद स्वतः आणून दिला होता. अण्णा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी खुर्ची दाराशी मांडायला लावली आणि कामाची भिजलेली वही पंख्याखाली वाळवून कोणाचा किती कागद होता त्याची यादी भावाला लिहून द्यायला सांगितली. तो कागद आपण भरून द्यायचा, असे त्यांचे म्हणणे होते. भाऊ म्हणाला की पुरात आपलेच एवढे नुकसान झाले आहे, मंडळे समजून घेतील. यावर बाप-लेकात मोठा खटका उडाला. शेवटी निर्णय आईने दिला: ज्यांनी कागद दिला होता त्यांना कागद भरून द्यायचा, छपाईचे पैसे पुन्हा लावायचे. अण्णांना छपाईही फुकट करायची होती. भागीदार म्हणून तिने ते मान्य केले नाही.

धंद्याची खरी घसरण मात्र पुराने झाली नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा आधी चांगले दिवस आले. प्रत्येक दुकानदाराला नव्या नंबराची बिलबुके हवी होती, आणि भावाने त्या काही महिन्यांत रात्रपाळी केली. त्यानंतर तेच दुकानदार हळूहळू कॉम्प्युटरवर बिले काढू लागले आणि बिलबुकांचे काम कायमचे बसले. पत्रिका मोबाइलवर गेल्या. अण्णांना हे सगळे दिसत होते. त्यांनी तक्रार केली ती फक्त फ्लेक्सची: वाढदिवसाच्या फलकांवर नावे चुकीची लिहितात आणि ती चार दिवस चौकात टांगलेली राहतात, याचा त्यांना संताप येई. फिरायला जाताना ते अशा फलकांवरच्या चुका मोजत आणि घरी येऊन आकडा सांगत.

पायका_बारा

ते मूळचे ट्रेडल अजून आहे का? पुण्यात कलाशाखेची काही मुले जुनी यंत्रे दुरुस्त करून त्यांवर छपाई करतात, त्यांना दाखवता येईल.

माहेर_गावभाग

आहे. पुरात बुडाले होते, भावाने गंज काढून तेल दिले आहे, पण रोलर गेलेले आहेत आणि एक स्प्रिंग तुटली आहे. आईशी बोलले. यंत्र तिच्याही नावावर आहे, त्यामुळे फुकट देणार नाही, असे ती म्हणाली. भंगाराचा जो भाव येईल तो द्यावा आणि ते चालवून दाखवावे, एवढी तिची अट आहे. मुलांना यायचे असेल तर रविवार सोडून कधीही येऊ द्या. बोळ अरुंद आहे, टेंपो आत येत नाही. मोठे चाक आधी सोडवून वेगळे न्यावे लागेल, आणि त्यासाठी किमान चार माणसे लागतील.